ॲल्युमिनियमची सायकल आणि भामरागडचे नाले

चंद्रपूरहून सायकलवर निघालो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं, आणि त्यात उन्हाचा काही दोष नव्हता. दोष होता एका साहेबांचा.

साहेब एका संस्थेचे सचिव. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्यांनी भामरागडकडच्या गावांत फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना परदेशातून दान आलेल्या जुन्या माउंटन सायकली वाटल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या, जाड जाड नळ्यांच्या, ॲल्युमिनियमच्या. माझं सायकलचं दुकान, वर जुन्या गिअरच्या सायकली जमवायचं वेड, म्हणून वाटपाआधी त्यांनी मला बोलावून मत विचारलं होतं. मी म्हटलं, "साहेब, जंगलात स्टीलच्या द्या."

"मेश्राम, स्टील गंजतं. तिकडे चार महिने पाऊस. ॲल्युमिनियम गंजत नाही. हलकं आहे, टिकाऊ आहे."

"गंजत नाही साहेब, पण चिरतं. आणि ह्या तर आधीच कोणीतरी तुडवून तुडवून जुन्या केलेल्या. चिरली की तिथे जोडणार कोण?"

साहेब हसले. मत विचारायचं आणि ऐकून हसायचं, ही एक कला आहे, आणि ती ऑफिसात बसूनच येते. आता वर्षभराने त्यांनी पुन्हा बोलावलं. म्हणाले, पावसाआधी भामरागडला जाऊन सायकलींचं तेलपाणी करून या, आणि येताना सेविकांचे सायकलीसोबत फोटो आणा. चेहरे हसरे पाहिजेत.

घरी येऊन मी इतका फणफणलो की बायको म्हणाली, "तुमी जाऊनच या बाप्पा. नाई तं आठ दिवस आमचंच डोकं खासान."

तर निघालो. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मोबाइल चंद्रपुरात आला होता, पण आलापल्लीच्या पुढे त्याला कोणी विचारत नव्हतं. एस.टी.ने गेलो असतो तर दुपारपर्यंत आलापल्ली आली असती, पण मला माझी सायकल तुडवत राग जिरवायचा होता. माझी सायकल म्हणजे स्टीलची जुनी माउंटन सायकल. एका कारखान्यात आलेला परदेशी इंजिनिअर जाताना सोडून गेला होता, ती मी घेतली. हिचं स्टील आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलीचं नव्हे. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) म्हणतात त्याला. नळ्या पातळ, बारीक, आणि चिवट. रंग उडालेला, पण सांगाडा सरळ. मी तिला मडगार्ड, स्टँड आणि मागे दणकट कॅरिअर बसवलं होतं. तिच्यावर माझा किती जीव होता ते इथे लिहीत नाही, बायको वाचते.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत पहिला मुक्काम आष्टीला केला. वैनगंगेच्या पुलावर थांबलो. जूनच्या तोंडावरची नदी, पाणी एका कडेला सरकून बसलेलं, बाकी सगळी वाळू आणि टरबुजांच्या वाळक्या वेली. खानावळीत भात, वरण आणि झिंग्याची चटणी मिळाली. चटणी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढ्या वेळापुरते साहेब विसरलो. मालक वाढता वाढता म्हणाला, "एवढ्या उनात सायकलनं कायले येऊन राह्यले भाऊ? एस.टी. बंद हाये काय?"

"एस.टी. चालू आहे," मी म्हटलं, "माझंच डोकं बंद आहे."

त्याने समजून आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी आलापल्ली. इथून पुढे साग सुरू होतो आणि सावलीही सुरू होते. चौकात गॅस वेल्डिंगच्या दुकानापुढे मी पाणी प्यायला थांबलो, तर दाराशी एक सांगाडा पडलेला. सांगाडा तरी कसं म्हणावं! मागची अर्धी सायकल धड, आणि हँडलखालचा सांधा उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा वितळून खाली ओघळलेला. त्यावर संस्थेचा निळा बिल्ला अजून चिकटलेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुकानाचे मालक रफीकभाई. त्यांचा बाप वेल्डर, ते वेल्डर, आणि तालुक्यातले ट्रॅक्टर, नांगर, सायकली सगळ्या त्यांच्या हातून गेलेल्या. मी विचारलं, "हे काय झालं भाऊ?"

"मले अंधा बनवून टाकलं ना यानं!" रफीकभाई कपाळावर हात मारून म्हणाले. "आमचा हिसाब कसा, गॅस मारायचा, लोखंड लाल झालं का पितळीची काडी लावायची. इथी मी आता लाल होईल, मंग लाल होईल म्हनून पाहून राह्यलो. थो साला लाल झालाच नाई. पांढराच्या पांढरा, अन् एकदम भसकन खाली."

त्यांचा काय दोष? ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही. शेवटपर्यंत गप्प राहतं आणि मग एकदम पाण्यासारखं सुटतं. ज्याचा हात लोखंडावर बसला आहे असा प्रत्येक माणूस हीच चूक करणार. इथून ते भामरागडपर्यंत सगळ्यांचे हात लोखंडावरच बसलेले आहेत. आणि हे ज्याला कळायला हवं होतं तो चंद्रपुरात पंख्याखाली बसून हसऱ्या चेहऱ्यांची वाट बघत होता.

"आणली कोणी होती?" मी विचारलं.

"एका नर्सबाईचा भाऊ आनून टाकून गेला. बाई उतारावून येऊन राह्यली होती, अन् हँडलच हातात आलं. बाईच्या गळ्याचं हाड मोडलं."

मग माझा राग निराळा झाला. आतापर्यंत तो माझं ऐकलं नाही म्हणून होता.

तिसऱ्या दिवशी पेरमिलीच्या अलीकडे मी स्वतःच आपटलो. तेंदूपत्त्याचा ट्रक समोरून आला, मी कडेला घेतली, आणि मागचं चाक मोरीच्या दगडात अडकून आडवा झालो. कोपर सोललं. सायकलीचा गिअर लटकतो तो मागचा पत्रा आत वाकून चाकाच्या तारांत घुसला. तिथेच एका झोपडीवजा हॉटेलात बसलो, चहा मागवला आणि पाना लावून तो पत्रा हळूहळू बाहेर ओढला. कुरकुरला, पण आला जागेवर. चहावाला बघत होता.

"काऊन भाऊ, तुटला नाई?"

"स्टील आहे. वाकतं, ओरडतं, पण सांगून मोडतं."

"अन् त्या नर्सबायांच्या चांदीवानी सायकली?"

"त्यांचं नाव काढू नका," मी म्हटलं. त्याने आणखी एक चहा दिला, बिनसाखरेचा, कारण साखर संपली होती.

पुढच्या चौकीवर शिपायाने मला थांबवून सायकल उलटीसुलटी बघितली, गिअर किती ते विचारलं, एक फेरी मारून आला आणि खूश होऊन जाऊ दिलं. हेमलकशाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हापशावर डोकं धुतलं. तिथून भामरागड जवळच. मध्ये पर्लकोटा नदी आणि तिच्यावरचा बुटका पूल. पावसाळ्यात हा पूल पाण्याखाली जातो, आणि पुढची गावं जगापासून तुटतात ती तुटतातच. आता मात्र नदी खाली खडकांतून शांत चालली होती आणि पोरं मासे धरत होती.

सकाळी भामरागडात सुनीताबाई मडावी भेटली. तिशीची, माडिया घरातली, भामरागडच्याही पुढच्या, नाल्यांपलीकडच्या गावांत फिरणारी आरोग्यसेविका. बाजाराच्या जागेजवळ तिच्या मावशीचं घर, तिथे ती पावसाळ्याचा औषधांचा साठा न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी निघायचं आणि पाऊस सरेपर्यंत तिकडेच राहायचं, असा तिचा बेत. मावशीने मला जावा (तांदळाची पातळ पेज) दिली, सोबत लाल मुंग्यांची चटणी. आंबट, झणझणीत. मी वाडगा चाटून पुसून साफ केला आणि मग सायकलीकडे वळलो.

वरून सायकल अशी लखलखीत, की साहेबांनी फोटोला फ्रेमच केली असती. मी फडक्याने हँडलखालचा सांधा पुसला आणि बोटाने चाचपडलं. खालच्या जाड नळीवर केसासारखी रेघ. नख अडकलं. नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत फिरलेली होती.

"सुनीताबाई, हे कधीपासून आहे?"

"होळीपासून. काई होत नाई त्याले."

"काही होत नाही? त्या दुसऱ्या बाईंच्या गळ्याचं हाड मोडलं ते माहीत आहे ना?"

"हो. तिची लई चिरली होती. माही थोडीशीच हाये."

मी तिला समजावलं. थोडीशी असं काही नसतं, हे सांगितलं. ही वाकणार नाही, आवाज करणार नाही, एखाद्या उतारावर पुढचं चाक वेगळं होईल आणि तू तोंडावर पडशील, दात जातील, मान जाईल, आणि तुला उचलायला तिथे अस्वलाशिवाय कोणी नसेल. ती ऐकून घेत होती आणि औषधांचं खोकं बांधत होती. मी म्हटलं, "इथल्या दुकानातून काळी साधी सायकल घे. मी साहेबांशी भांडून तिची व्यवस्था करतो."

तेव्हा मात्र तिने दोरी खाली ठेवली.

"ते काळी सायकल होती माह्याकडं पयले. माहीत हाये काय तुमाले? इथून माह्या गावापर्यंत नालेच नाले. सायकल उचलूनच न्याव लागते. मानसं खांद्यावर घेते. आमी बाया खांद्यावर ओझं नाई घेत, डोक्यावर घेतो." तिने डोक्यावरची चुंबळ (ओझ्याखाली ठेवायची कापडाची कडी) काढून दाखवली. "डोक्यावर ओझं चढवाले दुसऱ्याचा हात लागते. काळी सायकल एकटीनं नाई चढत. मंग नाल्यावर बसायचं, कोनी येते काय पाहत. मागं अशीच बसून राह्यली. तिकडं लेकरू तापानं फणफणून राह्यलं, अन् मी इकडच्या काठावर. पोचली तवा झटके चालू झाले होते. वाचलं, पन आता नीट चालत नाई ते." तिने संस्थेच्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला. "हे मी एकटीच चढवतो डोक्यावर. हे मी सोडत नाई."

मला सांगा, आता काय करायचं? वर्षभर मी स्टील स्टील म्हणून बोंबलत होतो आणि साहेब हलकं हलकं म्हणून. हलक्याची गरज खरी होती, आणि तरी माणूस मारायला ठेवलेली सायकल तीच होती. साहेबांच्या तोंडून चुकून बरोबर शब्द निघाला होता, त्याचाही मला राग आला.

"बाई, ही सायकल चालवायची नाही," मी म्हटलं.

"तुमाले फोटो काढाचा हाये ना? काढा अन् जा."

बस! माझं डोकं सणकलं. मी सायकल उचलली, मावशीच्या अंगणातल्या उखळाच्या दगडावर आडवी टाकली आणि हँडलखालच्या सांध्यावर बुटाची टाच हाणली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कडक्कन आवाज आला आणि सायकलीचे दोन तुकडे झाले. ना वाकली, ना कुरकुरली. बिस्किटासारखी तुटली.

सुनीताबाईने हातातली चुंबळ माझ्या तोंडावर फेकून मारली.

"काऊन तोडली? तुह्या बापाची होती काय? आता मी उद्या जाऊ कशी? पानी आलं तं चार महिने मी इथीच बसू काय?" मावशी माडियात काहीतरी बोलत होती. मला कळलं नाही, पण प्रेमाचं नक्कीच नव्हतं. शेजारपाजारची माणसं जमली. एक म्हातारा तुकडे हातात घेऊन आतली पोकळी बघू लागला.

मीही ओरडलो. "मेली असतीस तू! औषधं तिकडे, गावं तिकडे, आणि तू मध्ये उतारावर पडलेली! मग कोणी नेली असती ती औषधं?"

"ते मी पाह्यलं असतं!"

बराच वेळ आम्ही दोघं भांडलो. भांडता भांडता माझी नजर भिंतीला टेकलेल्या माझ्या सायकलीकडे गेली. तिचीही गेली असावी, कारण ती बोलायची थांबली.

मी मनातल्या मनात सगळ्या दुनियेला शिव्या घातल्या. साहेबांना, दान करणाऱ्याला, पर्लकोटेला, स्वतःच्या टाचेला. मग म्हटलं, "उचलून बघ."

तिने खाली वाकून सायकल धरली, मांडीपर्यंत आणली, आणि टाकून दिली. "जड हाये."

"थांब." मी कॅरिअर खोललं. स्टँड काढला. मडगार्ड काढली, घंटी काढली. पाण्याच्या बाटलीची कडी, दिवा, साखळीवरचा पत्रा, जे जे मी आवडीने एकेक करून बसवलं होतं ते सगळं काढून अंगणात ढीग लावला. चाकं आणि नळ्या एवढंच राहिलं. तिने पुन्हा धरली. मांडी, मग कंबर. तिथे अडकली. एक शेजारीण हात द्यायला पुढे आली, तर सुनीताबाई तिच्यावर खेकसली, "हात लावू नको! तिथी नाल्यावर तू येशील काय?"

मग तिने खाली पडलेली चुंबळ उचलून डोक्यावर ठेवली, एक गुडघा टेकला, सायकल खांद्यावर ओढली, दात खाऊन डोक्याला वर रेटा दिला, आणि वरची नळी चुंबळीवर बसली. ती उठून उभी राहिली. मान ताठ, पदर कमरेला खोचलेला. तशीच चालत नदीवर गेली, कमरेएवढ्या पाण्यात उतरली, पलीकडच्या खडकापर्यंत जाऊन परत आली. आम्ही सगळे काठावर उभे. तिने सायकल उतरवली, धाप टाकली आणि म्हणाली, "जडच हाये. पन चढते."

"आणि तुटली तर कोणीही जोडेल," मी म्हटलं. "तुटायच्या आधी वाकेल, तुला कळेल. पाऊस संपला की नळ्यांत तेल सोड, आतून गंजते."

"मंग वापस तं नाई मांगनार तुमी?"

"मागितली तर देशील काय?"

"नाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मी फोटो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती औषधांचं खोकं हँडलला बांधून सायकलवर गेली आणि मी एस.टी.त बसलो. पायाशी मडगार्ड, स्टँड, कॅरिअर यांचं गाठोडं आणि मांडीवर चाकं काढलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे दोन तुकडे. कंडक्टरने विचारलं, "हे काय भाऊ, तोफ हाये काय?" खिडकीबाहेर साग मागे पळत होता आणि मी जळत होतो. मी काही ॲल्युमिनियमचा वैरी नाही. घरातली अर्धी पातेली त्याचीच आहेत. गुळगुळीत सडकेवर, शहरात, जोडणारा कारागीर जवळ असेल तिथे अशी सायकल खुशाल वापरा. पण टिकाऊ कशाला म्हणायचं हे धातूवरून ठरत नाही, ते वापरणाऱ्याच्या वाटेवरून ठरतं. मोडली तर ती कुठे मोडेल, आणि तेव्हा तिच्यासोबत कोण असेल? एवढा एक प्रश्न त्या ऑफिसात कोणी विचारला नव्हता. सुनीताबाईला तर कोणी काहीच विचारलं नव्हतं. सायकल तिला दिली, बिल्ला संस्थेचा लावला, आणि चिरलेली सायकलही तिला सोडवेना, कारण तिला दुसरं काही कोणी दिलंच नव्हतं.

चंद्रपुरात उतरलो तो घरी गेलोच नाही. तसाच कोरपन्याला, इक्बालभाईकडे गेलो. इक्बालभाई माझा भंगारवाला दोस्त. तिकडच्या सिमेंट कारखान्यांच्या कॉलन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या पोरांनी टाकून दिलेल्या माउंटन सायकली त्याच्या वाड्यात ढिगाने पडून असतात. दोघांनी लोहचुंबक घेऊन ढीग उपसला. चुंबक चिकटला तर ठेवायची, नाही चिकटला तर फेकायची. चिकटलेल्यांतूनही ज्यांच्या नळ्या पातळ होत्या, टिचकी मारली की घंटेसारख्या वाजत होत्या, तेवढ्याच निवडल्या. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड उपटून टाकली. मी प्रत्येक सायकल डोक्यावर चढवून बघितली. इक्बालभाई म्हणाला, "मेश्रामभाऊ, तुमचं डोकं फिरलं काय?" मी म्हटलं, फिरलं.

मग साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेब खूश होते. "या, या! फोटो आणले?"

मी दोन्ही तुकडे त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवले.

साहेबांनी चष्मा लावला. "अरेरे. कशी तुटली? जास्त ओझं लादलं असेल बाईंनी."

"मी तोडली. टाचेने."

"तुम्ही?" साहेब उभे राहिले. "ही संस्थेची मालमत्ता आहे, मेश्राम! कोणाच्या परवानगीने तोडली?"

"बाकीच्या कोणकोणत्या गावांत आहेत तेवढं सांगा," मी म्हटलं. "खाली इक्बालभाईची मेटॅडोर स्टीलच्या सायकली भरून उभी आहे. नदीला पाणी यायच्या आत ह्या देऊन त्याही तोडून यायच्या आहेत."